मॉडेलच्या पोटातला आकडा आम्हालाही दाखवा

मध्यवर्ती बँका, अर्थ मंत्रालये आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांमध्ये आर्थिक मॉडेल बांधणाऱ्या व त्यांच्या आधारे सल्ला देणाऱ्या अर्थतज्ज्ञांना,

स.न.वि.वि.

मी अर्थशास्त्र शिकवते. तुमची मॉडेल, म्हणजे अर्थव्यवस्था कशी चालते याची समीकरणांत मांडलेली चित्रे, हा माझ्या वर्गातला नेहमीचा विषय आहे आणि विद्यार्थ्यांना त्यांची गोडी लागावी म्हणून मी मनापासून धडपडते. हे आधीच सांगते, कारण पुढे तक्रार येणार आहे आणि ती मॉडेलविरोधकाची तक्रार समजली जाऊ नये. माणसाचे वागणे समीकरणात बसत नाही, असे म्हणून सगळे अर्थशास्त्रच निकालात काढणाऱ्यांशी मी आजवर वादच घालत आले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. मॉडेलच्या आधाराने एखाद्या देशाचे धोरण ठरते, तेव्हा निष्कर्ष ज्या गृहीतकावर उभा आहे ते लोकांसमोर आले पाहिजे. त्यावर वाद घालता आला पाहिजे. आणि अंदाज चुकला तर तो नेमका कुठे चुकला, हे तुम्हीच जाहीरपणे सांगितले पाहिजे. आज यातले बरेचसे तुमच्या मर्जीवर सोडलेले आहे.

मॉडेल काय देऊ शकते, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना १९८३ सालचा आहे. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी बँकेचे एक अगदी लहान मॉडेल मांडले. ठेवीदाराला त्याचे पैसे मागेल तेव्हा हवे असतात. बँकेने मात्र ते दीर्घ मुदतीच्या कर्जांत गुंतवलेले असतात आणि मुदतीआधी मोकळे करायचे तर तोटा सोसावा लागतो. एवढ्या दोनच गोष्टी शेजारी ठेवल्या की गणित सांगते, या बँकेला दोन समतोल आहेत. बाकीचे ठेवीदार शांत आहेत असे प्रत्येकाला वाटले, तर सगळेच शांत राहतात आणि बँक सुरळीत चालते. बाकीचे पैसे काढायला निघाले आहेत असे वाटले, तर आपणही धाव घेऊन रांगेत पुढचा नंबर लावणे हेच प्रत्येकाच्या हिताचे ठरते, आणि धडधाकट बँक बुडते. झुंबड उडायला ठेवीदार मूर्ख असावे लागत नाहीत, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी दाखवले नव्हते. उपायही तिथेच सापडतो. ठेवीला भरवशाची हमी असली की धावण्याचे कारण उरत नाही, आणि म्हणून त्या हमीवर पैसे खर्च करण्याची वेळही सहसा येत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे (फेडरल रिझर्व्ह) माजी अध्यक्ष बेन बर्नांकी यांच्यासह या दोघांना २०२२ चे नोबेल मिळाले.

हे मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून सप्टेंबर २००७ मधल्या ब्रिटनकडे पाहा. तिथल्या ठेवविमा योजनेत पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण संरक्षण होते आणि पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के. दहा टक्के जाण्याची धास्ती आणि उरलेले हातात पडेपर्यंतचा विलंब, माणसाला रांगेत उभे करायला एवढे पुरते. नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या आणि सरकारने तिथल्या ठेवींची हमी घेतल्यावरच त्या ओसरल्या. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतल्या ठेवींची ९० टक्क्यांहून अधिक रक्कम अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेबाहेर होती. ९ मार्चला एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवसासाठी सुमारे १०,००० कोटी डॉलरच्या मागण्या येऊन पडल्या. या बँकेने घेतलेल्या रोख्यांच्या किमती व्याजदरवाढीमुळे खरोखरच घसरल्या होत्या, त्यामुळे सगळा दोष अफवेवर ढकलता येत नाही. पण तोटा कागदावर दिसत असतानाही ठेवीदार बरेच दिवस थांबले आणि मग अवघ्या काही तासांत सगळे मिळून निघाले. हे असे का घडते, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा मॉडेलवरून आजही समजते.

आता प्रश्न असा, की १९८३ पासून हे ज्ञान हाताशी असताना २००७ साली व्याजदर ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या मॉडेलांत बँक जवळपास नव्हतीच, हे कसे? घरांची बचत थेट उद्योगांच्या गुंतवणुकीला जाऊन मिळत होती. मधला माणूस, म्हणजे बँक, कधी अडखळेल, ही शक्यताच समीकरणांत नव्हती. जुलै २०१० मध्ये नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे याच जातीच्या मॉडेलांवर बोट ठेवले. ही मॉडेल संपूर्ण अर्थव्यवस्थेला एकाच सुसंगत व्यक्तीसारखी मानतात, जणू ती दूरचा विचार करून आखलेली योजना शांतपणे अमलात आणत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. प्रत्येक मॉडेल काहीतरी सोडतेच आणि सोडायलाच हवे. सगळे काही कोंबलेल्या मॉडेलमधून काहीच दिसत नाही. म्हणून बँक सोडली याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. बँक सोडली आहे, हे त्या मॉडेलवर विसंबून निर्णय घेणाऱ्या मंत्र्याला, खासदाराला, पत्रकाराला कुणी सांगितले होते का, हा माझा प्रश्न आहे.

ग्रीसबद्दल मला याहून जास्त लिहायचे आहे, कारण तिथे एका आकड्याची किंमत माणसांनी मोजली.

सरकारने खर्च एक युरोने कमी केला तर देशाचे उत्पादन किती युरोने घटते, त्या प्रमाणाला गुणक म्हणतात. गुणक ०.५ असेल तर काटकसर त्रासदायक पण सोसण्याजोगी असते. तो १.५ असेल तर कपातीमुळे उत्पन्न आणि करवसुली इतकी खाली येते, की कर्जाचे जीडीपीशी असलेले प्रमाण कमी होण्याऐवजी काही काळ वाढते. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिले तोच बळावतो. २०१० नंतर युरोपात काटकसरीचे कार्यक्रम आखले गेले, तेव्हाचे वाढीचे अंदाज पुढे फार आशावादी ठरले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी त्या चुकांचाच अभ्यास केला. ज्या देशांत कपात मोठी, तिथे अंदाजही जास्त चुकला होता. निधीने ऑक्टोबर २०१२ मध्ये मांडलेला हिशेब असा होता : अंदाजांमागे साधारण ०.५ चा गुणक दडलेला होता आणि प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ च्या दरम्यान होता. कारणेही समजण्यासारखी होती. व्याजदर आधीच शून्याच्या आसपास होते, त्यामुळे ते उतरवून धक्का झेलायला जागा नव्हती; शेजारी देशही एकाच वेळी खर्च कापत होते; आणि युरो स्वीकारलेल्या देशाला आपले चलन घसरू देऊन निर्यात वाढवण्याचा मार्ग मोकळा नव्हता. २०१३ मध्ये ग्रीसमधली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर होती. त्याच वर्षी जूनमध्ये निधीने ग्रीसच्या पहिल्या कार्यक्रमाचा स्वतःच आढावा घेतला आणि काटकसरीचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम कमी लेखला गेल्याचे मान्य केले.

ब्लांशार आणि ली यांनी जे केले त्याबद्दल मला आदर आहे. आपल्याच संस्थेच्या अंदाजांची अशी उघड चिरफाड करायला धैर्य लागते. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यांना तो गुणक चुकांच्या आकडेवारीवरून मागे मागे जात शोधावा लागला. एका देशाच्या पेन्शनी, पगार आणि रुग्णालयांचा खर्च ज्या आकड्यावर टांगला होता, तो आकडा अंदाजाशेजारी ठळकपणे छापलेला असता, तर कोणत्याही विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विभागाने २०१० मध्येच विचारले असते, की बाबांनो, व्याजदर शून्यावर असताना अर्धा कसा? कदाचित तरीही तोच कार्यक्रम झाला असता. राजकारणाची आणि बाजाराची दडपणे मला ठाऊक आहेत. पण निदान वाद योग्य जागी झाला असता.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध तुम्हा सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेले की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते, हा त्यातला आकडा काटकसरीच्या बाजूने फार वापरला गेला. एप्रिल २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह मूळ एक्सेल तक्ता तपासला. सूत्रातून पाच देश सुटले होते, शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि सरासरीला भार देण्याची पद्धत हे आक्षेप होतेच. त्यांच्या हिशेबाने तो आकडा २.२ टक्के आला. तक्ता हाती आल्याशिवाय हे कळले नसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि सांगताना भर असतो तो मूळ लेखकांनी तो तक्ता दिला यावर.

बाजारात अडचण एका पायरीने वाढते. तिथे मॉडेल ज्याचे वर्णन करते, ते मॉडेलच्या वापरामुळेच बदलते. १९८० च्या दशकात मोठ्या गुंतवणूकदारांनी ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाचे तंत्र स्वीकारले. भाव उतरू लागले की ठरावीक प्रमाणात विकत जायचे, म्हणजे तोटा एका मर्यादेत राहतो. एकट्यादुकट्यासाठी गणित बिनचूक होते. पण सगळ्यांची सूत्रे एकाच वेळी ‘विका’ म्हणू लागली तर घेणारा कोण? १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. या तंत्राचा त्यात नेमका वाटा किती, यावर मतभेद आहेत; पडझड वाढवण्यात त्याचा हात होता, हे मात्र सरकारी चौकशीनेही मानले. १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडायला आला. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, आदल्याच वर्षीचे नोबेल विजेते. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या (न्यूयॉर्क फेड) पुढाकाराने १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो सावरला. नेहमी एकमेकांपासून स्वतंत्र हलणारे भाव घबराटीत एकाच दिशेने हलतात, आणि त्याचे एक मोठे कारण असे, की सारखीच मॉडेल वापरणाऱ्यांनी सारखेच सौदे केलेले असतात.

यात बँकांच्या नियमनाचाही भाग आहे. बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बाझल समितीने १९९६ च्या दुरुस्तीने बँकांना बाजारातली जोखीम आपापल्या अंतर्गत मॉडेलने मोजण्याची मुभा दिली; किती भांडवल राखायचे, ते या मोजमापावरच ठरते. ज्याला भांडवल कमी ठेवण्यात फायदा आहे, त्याच्याच हाती मोजपट्टी दिली तर काय होते, ते २०१२ मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या लंडनमधल्या व्यवहारांत दिसले. वर्षाच्या सुरुवातीला नवे ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ मॉडेल (ठरावीक काळात साधारण किती तोटा होऊ शकतो, ते सांगणारे) आणले गेले आणि त्या विभागाची दाखवलेली जोखीम जवळपास निम्म्यावर आली. पुढे तोटा ६०० कोटी डॉलरच्या वर गेला. चौकशीत असेही निघाले, की एका तक्त्यात सरासरीने भागायचे तिथे बेरजेने भागले होते. २०१७ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार अंतर्गत मॉडेलने काढलेली जोखीमभारित मालमत्ता, म्हणजे जोखमीनुसार भार देऊन मोजलेली कर्जे आणि गुंतवणुकी, नियमांत आखून दिलेल्या प्रमाणित पद्धतीने येणाऱ्या आकड्याच्या ७२.५ टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. ही सीमा ओबडधोबड आहे, सैद्धांतिकदृष्ट्या तिचे समर्थन अवघड आहे, आणि तरीही मला ती आवडते. मॉडेल चुकू शकते, हे तिने नियमातच लिहून ठेवले आहे.

युद्धे आणि हिंसक संघर्षांच्या मॉडेलांवर आधारलेल्या अभ्यासाबद्दल लिहिताना मला जपून लिहावे लागते. या शाखेकडून मी खूप शिकले आहे. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन यांनी १९९५ मध्ये एक साधा प्रश्न विचारला : युद्धात दोन्ही बाजूंचे नुकसान होते, तर जो निकाल युद्धानंतर लागणार तो आधीच तहाने का लावून घेत नाहीत? त्यांच्या उत्तरातले एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. शस्त्रे खाली ठेवलेल्या बाजूला दिलेला शब्द उद्या पाळला जाईल, याची खात्री देणारे कुणी नसते. शांतता करार का मोडतात आणि तटस्थ तिसऱ्या पक्षाची हमी का लागते, हे यातून उलगडते. ओइंद्रिला दुबे आणि हुआन वर्गास यांनी २०१३ मध्ये कोलंबियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक बाजारात कॉफीचे भाव पडले, तेव्हा कॉफी पिकवणाऱ्या भागांत हिंसा वाढली. तेलाचे भाव चढले, तेव्हा तेलाच्या भागांतही हिंसा वाढली. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. पण कॉफीला मजूर फार लागतात. भाव पडला की मजुरी पडते आणि बंदूक उचलणाऱ्याला गमावण्यासारखे काही उरत नाही. तेलाला मजूर थोडे लागतात. भाव चढला की लुटण्यासारखे वाढते. ‘गरिबीमुळे हिंसा होते’ या ढोबळ वाक्यापेक्षा हे किती तरी पुढचे ज्ञान आहे. पडत्या भावात शेतमजुराचे उत्पन्न सावरणे हे शांततेचेही धोरण आहे, हे त्यातून निघते.

पण अशाच मॉडेलांवरून आता कुठे हिंसा उसळेल याचे अंदाज बांधले जातात, आणि तिथे मला भीती वाटते. संघर्षाच्या घटनांची नोंद मोठ्या प्रमाणात बातम्यांवरून होते. जिथे बातमीदार पोहोचत नाही, तो प्रदेश आकडेवारीत शांत दिसतो. शिवाय ‘या जिल्ह्यात धोका जास्त’ एवढेच वाक्य सरकारच्या टेबलावर गेले, तर तिथे पीकभावाचा आधार पाठवायचा की सैन्याची तुकडी, हे मॉडेल ठरवत नाही. तुकडी गेली आणि तिच्यामुळेच ठिणगी पडली, तर अंदाज ‘बरोबर’ ठरेल. हिंसेचा अंदाज सरकारच्या हाती देणाऱ्या अभ्यासकाने कार्यकारणाची साखळीही त्याच पानावर दिली पाहिजे. नुसती संभाव्यता देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मग कसे वागावे, याचे उदाहरणही संघर्षातूनच देते. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर काही आठवड्यांत, रुडिगर बाखमान, बेंजामिन मोल आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास जाहीर केला. रशियाकडून येणारी ऊर्जा अचानक थांबली तर जर्मनीचे काय होईल? त्यांचे उत्तर होते, जीडीपीत ०.५ ते ३ टक्क्यांची घट. सगळी मदार एका गृहीतकावर होती, ते म्हणजे वायूऐवजी दुसरे काही वापरणे उद्योगांना आणि घरांना कितपत जमेल. ते गृहीतक त्यांनी उघड मांडले, मुद्दाम निराशावादी ठेवले आणि बदलले तर उत्तर किती बदलते हेही दाखवले. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी दूरचित्रवाणीवर असली गणिती मॉडेल बेजबाबदार ठरवली. उद्योगजगत तर महाभयंकर पडझडीचे इशारे देत होते. पुढे रशियानेच उन्हाळ्यात पुरवठा टप्प्याटप्प्याने तोडला. भाव भडकले, काही रसायन कारखान्यांनी उत्पादन कमी केले, पण भाकीत केलेली पडझड झाली नाही आणि २०२२ मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था एकूणात वाढलीच. हिवाळा सौम्य होता, सरकारने प्रचंड मदत दिली, पुरवठा अभ्यासात धरल्यापेक्षा उशिरा तुटला. म्हणून याला मॉडेलचा निर्विवाद विजय मी म्हणणार नाही. या लेखकांनी नंतर परत येऊन आपल्या अंदाजाचा ताळेबंदही मांडला. त्यांच्याशी असहमत असलेल्या कुणालाही नेमके कशाशी असहमत व्हायचे, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. मला हेच हवे आहे.

हे अशक्य नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने एफआरबी-यूएस या मॉडेलची समीकरणे आणि संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली ठेवली आहे. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या अंदाजपद्धतीची तपासणी बाहेरच्या माणसाकडे, बर्नांकी यांच्याकडे सोपवली. एप्रिल २०२४ मधल्या त्यांच्या अहवालाने अंदाजाची अनिश्चितता दाखवणारे, १९९६ पासून चालत आलेले पंख्याच्या आकाराचे आलेख सोडून द्यावेत आणि पर्यायी शक्यता मांडाव्यात असे सुचवले, तिथली संगणक व्यवस्था कालबाह्य झाल्याचेही स्पष्ट सांगितले. अशी तपासणी मागवणाऱ्या संस्थेची प्रतिष्ठा कमी झाली, असे मला तरी दिसत नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, सामान्य वाचकाला हे कळणार नाही. मी हे काम रोज करते, म्हणून ठामपणे सांगते, की कळते. समीकरणे नाही कळणार, पण ‘सरकारी खर्चातला एक युरो गेला तर देशाचा अर्धा युरो जातो असे आम्ही धरले आहे’ हे वाक्य कुणालाही कळते. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. अनिश्चितता उघड केली तर बाजार घाबरेल, ठेवीदार पळतील. ऐन संकटाच्या रात्री काही गोष्टी राखून ठेवाव्या लागतात, हे मला मान्य आहे. सहा महिन्यांनीही त्या राखून ठेवायच्या, हे मान्य नाही.

तेव्हा मागणी एवढीच. ज्या मॉडेलच्या आधारे तुम्ही सरकारला सल्ला देता, त्याच्या निष्कर्षाशेजारी, परिशिष्टात न ढकलता, ते एक किंवा दोन गृहीतक छापा जे बदलले तर सल्ला उलटा होतो. आणि किती बदलले तर उलटा होतो, तोही आकडा द्या. मॉडेलमधून कोण सुटले आहे ते लिहा : बँका, बेरोजगार, शेजारी देश, जे कोण असतील ते. माहिती आणि संहिता खुली करा; गोपनीय असेल तेवढीच वगळा आणि वगळल्याचे सांगा. दोन वर्षांनी त्याच अंदाजाकडे परत या आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. हे काम ज्यांनी अंदाज केला त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि त्यांना अंतर्गत कागदपत्रे पाहण्याचा हक्क द्या. यातले शेवटचे कलम तुम्हाला सर्वांत जड जाईल, आणि मला वाटते सर्वांत मोलाचेही तेच आहे.

या पत्राचे उत्तर मला वेगळे पाठवू नये. तुमच्या पुढच्या आर्थिक अंदाजाच्या अहवालात ही पाने आली, तर ते वर्गात वाचता येईल.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका